तंजावरच्या स्वयंपाकातील फुले

तंजावरच्या बाजारात फुलांचे जे ढीग दिसतात, ते देवासाठी आणि केसांत माळण्यासाठी असतात. मोगऱ्याच्या माळा तेथे हाताने मापून विकल्या जातात. स्वयंपाकघरात जाणारी फुले मात्र या ढिगांत नसतात. ती परसात, झाडाखाली किंवा भाजीवाल्याकडे शोधावी लागतात.

त्यांपैकी वसंताचे खरे फूल म्हणजे कडुनिंबाचे. तमिळ भाषेत त्यास ‘वेप्पम्पू’ म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब बारीक, पांढऱ्या, मधासारख्या वासाच्या फुलांनी भरून जातो. झाडाखाली स्वच्छ कापड अंथरून ठेवले की ती आपोआप त्यावर गळतात. काड्या-कचरा निवडून फुले कडक वाळवितात व बरणीत भरून ठेवतात. पंधरा दिवसांचा हा बहर अशा रीतीने वर्षभर पुरतो.

वाळलेली फुले तुपात मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परततात. चिंचेच्या कोळात मीठ व हिंग घालून रसम उकळतात, त्यावर मोहरी, लाल मिरची आणि थोडी तुरीची डाळ यांची फोडणी देतात आणि फुले अगदी शेवटी सोडतात. फुले रसमात उकळत राहिली तर कडवटपणा सगळीकडे पसरतो. तो थोडा राहावाच लागतो. तो पूर्णपणे घालविणाऱ्याने फुलेच वाया घालविली असे म्हणावे लागेल.

तमिळ नववर्ष सौर गणनेनुसार बहुधा 14 एप्रिलला येते. त्या दिवशी कैरी, गूळ, मीठ, मिरची आणि ही फुले यांची पच्चडी करतात. येणाऱ्या वर्षातील सुखदुःखे एकाच घासात चाखावीत, हा त्यामागील संकेत. मराठी वाचकास येथे पाडव्याचा कडुनिंब आठवल्यावाचून राहणार नाही. व्यंकोजींनी 1676 च्या सुमारास तंजावरात मराठी राज्य स्थापिले; ते 1855 पर्यंत टिकले. त्या काळात तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना शेजाऱ्यांची ही कडू पच्चडी फारशी परकी वाटली नसावी. महाराष्ट्रात मुख्यतः कोवळा पाला, तेथे फूल, एवढाच काय तो फरक.

कावेरीच्या खोऱ्यात केळीच्या बागा पुष्कळ, त्यामुळे केळफूल बारमाही मिळते. ते निवडणे हे वेळखाऊ काम होय. हाताला तेल लावून प्रत्येक फुलातील ताठ दांडी व पातळ पापुद्रा काढावा लागतो. त्या दांडीला तमिळ गृहिणी ‘कळ्ळन’ म्हणजे चोर म्हणतात. ती शिजता शिजत नाही. चिरलेले फूल ताकात टाकले की काळे पडत नाही. मग वाफवून कुस्करलेल्या तुरीच्या डाळीबरोबर त्याची ‘उसिली’ करतात किंवा वडे तळतात. कोकणातील केळफुलाच्या भाजीची ही दूरची बहीणच.

हादगा व शेवगा यांची फुलेही तेथे खातात. हादग्याच्या फुलातील कडू केसर आधी काढून टाकावा लागतो.

परंतु देवाला वाहिलेले प्रत्येक फूल खाण्याजोगे नसते. कण्हेर विषारी आहे, पिवळी कण्हेरही तशीच. तिच्या बियांनी माणसे दगावली आहेत. कडुनिंबाच्या बाबतीत गफलत होते ती बकाणा निंबाशी. त्याची फुले जांभळट असतात, संयुक्त पानांना पुन्हा उपफाटे फुटतात आणि फळे विषारी असतात. तेव्हा झाडाची ओळख पटल्यावरच त्याखाली कापड अंथरावे.