परवानगीचा वारसा

जानेवारीतल्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळातल्या एका मैत्रिणीने मला स्वयंपाकघरात गाठले आणि हळूच म्हणाली, "अगं, तू एवढी शिकलेली, तूच समजाव आमच्या बाबांना. पोरीच्या हातात बंदूक कशाला द्यायची?"

बाबा म्हणजे तिचे सासरे. गणपतीच्या आरतीत ज्यांचा आवाज सगळ्यांच्या वर जातो तेच ते काका. वय ७६. मूळचे सिंधुदुर्गातले. १९७६ साली इथे आले आणि लिंकनशरच्या एका लहान गावात डॉक्टरकी करून निवृत्त झाले. दर हिवाळ्यात ते ओळखीच्या शेतांवर रानकबुतरे मारायला जातात, हे मंडळात फार थोड्यांना ठाऊक आहे. आता सोळा वर्षांची नातही त्यांच्याबरोबर जाते. तिला स्वतःचा शॉटगनचा परवाना हवा आहे. अर्जदार अठरा वर्षांखालची असल्यामुळे अर्जावर पालकाची सही लागते, आणि तो अर्ज महिनाभर फ्रिजवर चुंबकाखाली अडकून पडला होता.

मी तेव्हा "बघते" म्हणून वेळ मारून नेली. बंदुकीची मला स्वतःलाच भीती वाटते. पण माहिती न घेता मत देणे बरे नाही, म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी काकांबरोबर शेतावर गेले. तिथे जे पाहिले आणि ऐकले ते आपल्या वाचकांसमोर मांडते. शाकाहारी मंडळींनी राग मानू नये.

दोन वेगळे कागद

पहिली गोष्ट ही समजली की 'परवाना' आणि 'परवानगी' या इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना पोलीस देतात. तो पाच वर्षांचा असतो, आणि २०२१ पासून त्यासाठी डॉक्टरकडून प्रकृतीची माहिती जोडावी लागते. शॉटगनच्या नव्या परवान्याचे शुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये ७९.५० पौंडांवरून १९४ पौंड झाले. बंदूक कुलुपाच्या पोलादी कपाटात ठेवायची. काकांच्या कपाटाची चावी कुठे असते हे काकूंनाही माहीत नाही, आणि कायद्याला नेमके तेच हवे असते.

एवढे सगळे केले तरी बंदूक चालवायला जागा कुठे आहे? या देशात जमीन कोणाची तरी असतेच. मालकाच्या परवानगीवाचून बंदूक घेऊन तिच्यात पाऊल टाकणे हा १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. म्हणून शेतकऱ्याची परवानगी हवी. इथले शिकारी तिला नुसते 'परमिशन' म्हणतात आणि तिजोरीतल्या दागिन्यासारखी जपतात. एखाद्याकडे चांगली परमिशन असली तर ती कुठे आहे हे तो जिवलग मित्रालाही सांगत नाही.

शेतकरी ती का देतो? कारण त्याला गरज असते. हिवाळ्यात शेतात दुसरे काही हिरवे नसते तेव्हा रानकबुतरांचे थवे रेपसीडच्या कोवळ्या पिकावर उतरतात. हे रेपसीड म्हणजे आपल्या मोहरीच्याच कुळातले, एप्रिल-मे मध्ये शेतेच्या शेते पिवळी करणारे पीक. ती कोवळी पाने कबुतरे ओरबाडून खातात. मात्र हौस म्हणून ती मारता येत नाहीत. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने सगळ्या रानपक्ष्यांना संरक्षण आहे. पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी सरकार जे 'जनरल लायसन्स' काढते, त्याच्या अटी पाळूनच मारता येतात. बुजगावणी, आवाजाचे बार असले दुसरे उपायही करावे लागतात. एप्रिल २०१९ मध्ये ही लायसन्से अचानक रद्द झाली होती आणि नवी येईपर्यंत शेतकऱ्यांची चांगलीच धांदल उडाली होती.

कोकणात कागद, इथे ओळख

काका म्हणाले, "आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना. रात्री डुकरं भातात शिरायची, वडील राखणीला जायचे. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. वडील गेल्यावर परवाना थोरल्या भावाच्या नावावर झाला. मला वाटायचं, इथेही तसंच असेल."

तिकडे तशी सोय आहे खरी. भारतातल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची तरतूद स्पष्ट आहे. परवानाधारक वारला तर त्याच्या वारसाला परवाना मिळू शकतो. धारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, तर तो हयातीतच वारस नेमू शकतो. वारसालाही रीतसर अर्ज करावा लागतो, पण वाट आखलेली आहे. शिवाय जमीन आपलीच असते, त्यामुळे ती कोणाकडे मागायचा प्रश्नच येत नाही.

इथे यातले काहीच नाही. पोलिसांचा परवाना त्या माणसाबरोबर संपतो. उद्या काकांचे काही बरेवाईट झाले तर त्या घडीपासून काकूंच्या घरात विनापरवाना बंदूक आहे असे होईल. त्यांना लगेच पोलिसांना कळवावे लागेल. मग तात्पुरता परवाना घेऊन किंवा नोंदणीकृत बंदूक-विक्रेत्याकडे देऊन तिची व्यवस्था लावावी लागेल.

शेतकऱ्याच्या परवानगीचे तर त्याहून नाजूक. शिकारीचा हक्क रीतसर दस्त करून विकत किंवा भाड्याने घेतला असेल तर ती मालमत्ता ठरते आणि वारसांकडे जाऊ शकते. मोठ्या इस्टेटींवर तसे असते. पण "ये रे बाबा, मार कबुतरं," एवढ्या शब्दावर मिळालेली परवानगी ही नुसती मुभा असते. मालक ती केव्हाही काढून घेऊ शकतो. परवानगी घेणारा वारला तर ती संपते. मालक वारला किंवा जमीन विकली गेली तरी संपते. मला या शेवटच्या गोष्टीचा विशेष विचार करावासा वाटला. आपण पुढची पिढी म्हणजे आपली मुले एवढेच धरतो. इथे शेतकऱ्याचीही पुढची पिढी असते.

गेलेले शेत

काकांना याचा फटका बसला आहे. त्यांची पहिली परवानगी १९८८ सालची. शेतकरी त्यांचा पेशंट. एकदा तपासणीच्या खोलीत तो कबुतरांवरून चडफडत होता, तेव्हा काकांनी कोकणातली डुकरांची गोष्ट सांगितली. पुढच्या रविवारी शेतकऱ्याने त्यांना गावच्या पबमध्ये नेले आणि चार लोकांसमोर सांगितले, "हा आमचा डॉक्टर. माझ्या रानात बंदूक घेऊन दिसला तर घाबरू नका."

"ते एक वाक्य मला कोणत्याही कागदापेक्षा मोठं होतं," काका म्हणाले. "त्या काळात गावात सावळा माणूस मी एकटाच. बंदुकीची पिशवी खांद्याला लावून मी एकटाच बांधावरून चाललो असतो तर लोकांनी काय करायचं?"

त्या शेतावर ते तेहेतीस वर्षे गेले. दर नाताळला बाटली, दर उन्हाळ्यात काकूंच्या हातचे लोणचे. पण सगळा व्यवहार त्या दोघांचाच. शेतकऱ्याच्या मुलाशी काकांचे कधी धड बोलणे झाले नाही, आणि काकांचा मुलगा, म्हणजे माझ्या मैत्रिणीचा नवरा, शेतावर एकदाही गेला नाही. २०२१ मध्ये शेतकरी वारला. मुलाने जमीन एका कंपनीकडे व्यवस्थेला दिली. दोन महिन्यांनी काकांना छापील पत्र आले की यापुढे शेतावर शिकारीची परवानगी नाही. पत्रात उद्धट काहीच नव्हते. पण तेहेतीस वर्षांचा उल्लेखही नव्हता, कारण लिहिणाऱ्याला तो ठाऊकच नव्हता.

"चूक माझीच," काका म्हणाले. "मी मुलाला नेलं नाही आणि त्यालाही त्याच्या मुलाला आणायला सांगितलं नाही. आम्ही दोघं म्हातारे आपलं कायमचं समजून बसलो होतो."

राहिलेले शेत

म्हणून दुसऱ्या शेतावर त्यांनी वेगळे धोरण ठेवले. तिथला कारभार आता शेतकऱ्याची मुलगी पाहते. नात बारा वर्षांची असल्यापासून काकांबरोबर जाते आहे. पहिली दोन वर्षे बंदुकीला हातही नाही. बांधालगत जाळीचा आडोसा करतात, त्यात बसून किती कबुतरे उतरली, कुठल्या दिशेने आली हे वहीत लिहायचे. जे गेट बंद होते ते बंद करायचे, जे उघडे होते ते उघडे ठेवायचे. रिकामी काडतुसे एकूण एक वेचायची. कुंपण तुटलेले किंवा मेंढी उलथी पडलेली दिसली तर घरी जाऊन सांगायचे. नेम धरायला ती नंतर क्ले-पिजन क्लबात शिकली. अशा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःचा परवाना नसतानाही देखरेखीखाली शिकता येते.

मी गेले त्या दिवशी थंडी मरणाची होती. तीन तासांत काकांनी नऊ कबुतरे पाडली. नातीने वहीत आकडा लिहिला, काडतुसे मोजून पिशवीत टाकली आणि न सांगता मालकिणीच्या दाराशी गेली. दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. कबुतरांवर नव्हे, कोकरे कधी होणार त्यावर. काका गाडीजवळ थांबून राहिले. मी म्हटले, "तुम्ही जात नाही?" ते म्हणाले, "मुद्दाम जात नाही."

परतताना मी रसायनशास्त्राचा विषय काढला. काकांची बंदूक साठ वर्षांपूर्वीची आणि छरे शिशाचे. शिसे हे विष आहे. जमिनीत पडलेले छरे पक्षी खडे समजून गिळतात आणि मरतात. इंग्लंडमध्ये पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे वापरायला १९९९ पासूनच बंदी आहे. आता जुलै २०२५ मध्ये सरकारने बहुतेक सगळेच शिशाचे छरे तीन वर्षांची मुदत देऊन बंद करायचे जाहीर केले. पोलाद शिशापेक्षा कठीण असते, त्यामुळे प्रत्येक जुन्या नळीला पोलादी छरे मानवतीलच असे नाही, बंदूककाराला दाखवून घ्यावे लागते. म्हणजे नातीला आजोबांची बंदूक मिळाली तरी ती चालवता येईल याची खात्री नाही. काका हसले. म्हणाले, "नाहीतरी बंदूक विकत मिळते गं. शेत मिळत नाही."

व्यवहाराच्या चार गोष्टी

आपल्यातल्या आणखी कोणाला या वाटेने जायचे असेल तर काकांनी सांगितलेले मुद्दे असे:

१. शिकारीचा हक्क शेतकऱ्याकडे आहे की जमीनदाराकडे, हे आधी विचारावे. कुळाने कसणाऱ्या जमिनीवर तो हक्क जमीनदाराने स्वतःकडे राखलेला असू शकतो. ससे मारण्याचा कुळाचा हक्क मात्र १८८० च्या कायद्याने अबाधित आहे.

२. परवानगी लेखी घ्यावी. कोणत्या शेतांवर, कोणते पक्षी-प्राणी, बरोबर कोण येणार, हे त्यात असावे. दरवर्षी ती नवी करून घ्यावी, म्हणजे दरवर्षी बोलणेही होते.

३. विमा हवा. शिकारी संघटनांच्या वर्गणीत तो बहुधा असतो आणि शेतकरी तो विचारतात.

४. मुलांना लवकर न्यावे, पण आधी कामाला. पुढच्या पिढीचे नाव आपण हिंडतेफिरते असतानाच शेतकऱ्यासमोर काढावे. दवाखान्यातल्या खाटेवरून काढू नये.

मी हे सगळे मैत्रिणीला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "आणि अपघात झाला तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. काकांकडेही नाही. तेही म्हणतात की आईने भ्यायलाच हवे. बंदुकीला न भिणाऱ्याबरोबर ते स्वतःही आडोशात बसत नाहीत.

सही अजून झालेली नाही. जीसीएसईची परीक्षा होऊ दे, मग बघू, असे ठरले आहे. पण मार्चअखेरीस शेतावर कोकरे जन्माला येऊ लागली तेव्हा मालकिणीचा फोन नातीला आला, मदतीला येतेस का म्हणून. पहाटे साडेचारला तिला गाडीने सोडायला गेली तिची आईच. मालकिणीने तिला चहाला आत बोलावले. निघताना या वर्षीचे परवानगीचे पत्र तिच्याच हाती दिले. त्यात काकांच्या नावाखाली 'आणि नात, सोबत' असे हाताने लिहिलेले होते.

ते पत्र आता फ्रिजवर अर्जाच्या शेजारी लावले आहे.