विद्युत मोटारीचे घरगुती चार्जिंग

विद्युत मोटारीचे घरगुती चार्जिंग म्हणजे घराच्या वाहनतळात किंवा गॅरेजमध्ये घरगुती वीजजोडणीवरून मोटारीची बॅटरी प्रभारित करण्याची व्यवस्था होय. भिंतीवर बसवलेल्या पेटीला व्यवहारात 'चार्जर' म्हटले जात असले तरी प्रत्यावर्ती प्रवाहाचे (एसी) दिष्ट प्रवाहात (डीसी) रूपांतर करणारा खरा चार्जर मोटारीतच असतो. भिंतीवरील पेटी वीज सुरक्षितपणे पुरवते आणि किती अँपिअर प्रवाह घेता येईल, हे संकेताद्वारे मोटारीला कळवते.

क्षमतेची निवड

भारतात घरगुती एकफेजी पुरवठा २३० व्होल्टचा असतो. १५-१६ अँपिअरच्या तीनपिनी सॉकेटवरून सुमारे ३.३ किलोवॅट, तर ३२ अँपिअरच्या स्वतंत्र पेटीवरून सुमारे ७ किलोवॅट शक्ती मिळते. ११ किलोवॅटसाठी साधारणतः त्रिफेजी जोडणी लागते. मात्र मोटारीतील चार्जरची क्षमता कमी असल्यास मोठ्या पेटीचा उपयोग होत नाही.

मोटार एका युनिटमध्ये (१ किलोवॅट-तास) ६ ते ७ किलोमीटर धावते असे धरल्यास रोजच्या ४० किलोमीटरच्या प्रवासाला ६ ते ७ युनिट पुरतात. ३.३ किलोवॅटने ही भरपाई दोन-अडीच तासांत होते. ३० युनिटची पूर्ण रिकामी बॅटरी भरण्यास मात्र ९ ते १० तास लागतात. बॅटरी रोज पूर्ण रिकामी होते, असे गृहीत धरून पेटी निवडणे ही नियोजनातील नेहमीची चूक आहे.

तार, संरक्षण आणि भूसंपर्कन

इस्त्री किंवा गिझर काही मिनिटेच चालतो. मोटार रात्रभर तोच प्रवाह ओढत राहते. त्यामुळे सैल जोड, जुने सॉकेट किंवा बारीक तार हळूहळू तापते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. मीटरपासून ३० मीटर अंतरावरील वाहनतळापर्यंत २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार नेल्यास १६ अँपिअरला सुमारे ७ व्होल्ट दाब तारेतच खर्ची पडतो आणि ११० वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही उष्णता ७० वॅटच्या आसपास उतरते. तारेत केलेली काटकसर पुढे महागात पडते. एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच वापरू नये.

चार्जिंगचे मंडल घरातील इतर मंडलांपासून वेगळे ठेवून त्यास स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतात. एमसीबी तारेला अतिप्रवाहापासून वाचवतो. माणसाला धक्क्यापासून वाचवण्याचे काम आरसीसीबीचे. भूसंपर्कन (अर्थिंग) नसल्यास किंवा सदोष असल्यास अनेक पेट्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. ग्राहकाला हा पेटीचा बिघाड वाटतो, वास्तविक ती धोक्याची सूचना असते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की भूसंपर्काचा रोध वाढतो, म्हणून त्याची मोजणी त्याच दिवसांत करणे अधिक उपयुक्त. पाणी साचणाऱ्या तळघरात पेटी पुराच्या संभाव्य पातळीच्या वर बसवावी.

मंजूर भार व गृहनिर्माण संस्था

घराचा मंजूर भार ३ किलोवॅट असेल, तर केवळ मोटारच तो ओलांडते. अशा वेळी वितरण कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांत दुरुस्ती करून विद्युत वाहनाच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेण्याची मुभा ग्राहकांना दिली.

स्वतंत्र बंगल्यात प्रश्न येथेच संपतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत तो येथून सुरू होतो. तार सामाईक भिंतींवरून न्यावी लागते, मीटरकक्षात जागा लागते आणि पहिल्या एक-दोन सभासदांनी उरलेला भार वापरल्यास पुढच्यांच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून प्रत्येक अर्जाचा सुटा विचार करण्याऐवजी संपूर्ण इमारतीच्या भाराची गणना एकदाच करून मीटरकक्षापासून वाहनतळापर्यंत सामाईक केबल-मार्ग आखणे सोयीचे ठरते. संस्थेच्या सामाईक मीटरवरून वीज घेतल्यास प्रत्येक जागेला उपमीटर आवश्यक असतो. अन्यथा मोटार नसलेल्या सभासदांवरही तिच्या विजेचा खर्च पडतो. उपलब्ध भार चालू असलेल्या मोटारींमध्ये आपोआप विभागणाऱ्या पेट्याही मिळतात. त्यामुळे मोटारी रात्रभर उभ्या असल्यास त्याच जोडणीवर अधिक वाहने सामावता येतात.