शेवटच्या कडव्यातले नाव

आमच्या घरी सकाळी रेडिओवर जुनी मराठी चित्रपटगीते लागत आणि आई पोळ्या लाटता लाटता त्यांना साथ देई. 'सांगत्ये ऐका' या चित्रपटातले एक खट्याळ द्वंद्वगीत तिचे विशेष लाडके. ते लागले की तव्यावरची पोळी हमखास करपायची! आणि दर वर्षी १४ एप्रिलला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतून कर्ण्यावर वेगळीच गाणी ऐकू यायची. ढोलकी, बुलबुलतरंग, मागे कोरसाचा दणका. ती गाणी आमच्यापर्यंत यायची, पण घरात कोणी गुणगुणत नसे. ती 'त्यांची' गाणी होती.

रेडिओवरचे ते द्वंद्वगीत आणि कर्ण्यावरच्या त्या गाण्यांतली कितीतरी गाणी एकाच माणसाची आहेत, हे मला कळले ते पंचविशी ओलांडल्यावर. त्या माणसाचे नाव वामन तबाजी कर्डक. अवघ्या महाराष्ट्राचे वामनदादा.

वाचकहो, 'सांगत्ये ऐका' १९५९ सालचा. दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवारांचे, पडद्यावर हंसा वाडकर आणि जयश्री गडकर. पुण्यात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. म्हणजे वामनदादांचे शब्द तेव्हाच घरोघरी पोहोचले होते. पोहोचले नव्हते ते त्यांचे नाव.

पत्र वाचता न आलेला माणूस

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांना पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्यांचे बालपण ज्या जिल्ह्यात गेले, तिथेच २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तिथेच, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मी हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली. शाळा मात्र या मुलाच्या वाट्याला आली नाही. पोटासाठी मुंबई गाठली, मिळेल ती मजुरी केली.

त्यांच्या अक्षरओळखीची हकीकत वामनदादांचे चाहते आजही एकमेकांना सांगतात. मुंबईच्या चाळीत एक माणूस पत्र घेऊन आला आणि 'एवढे वाचून दाखव' म्हणाला. अंगापिंडाने उभ्या तरुणाला ते वाचता येईना. ती शरम त्यांना सोसवली नाही. देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरे गिरवली आणि रस्त्याने जाता येता दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे पक्की केली. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते.

वामनदादांच्या गाण्याची किल्ली मला या हकीकतीत सापडते. त्यांच्या कानांना आधी शब्द भेटला, डोळ्यांना अक्षर फार नंतर. आणि ज्यांच्यासाठी ते लिहीत होते, त्यांतल्याही पुष्कळांना वाचता येत नव्हते. म्हणून त्यांचे गाणे कागदावर संपत नाही. ते एकदा ऐकले की तोंडात बसले पाहिजे, याच हिशेबाने घडवलेले असते.

चाल उसनी, आशय स्वतःचा

काही रसिक नाक मुरडतात की, या गाण्यांच्या चाली ओळखीच्या असतात. कधी लावणीची, कधी भजनाची, कधी कव्वालीची, तर कधी चक्क सिनेमाची! पण जरा विचार करा. तुमच्यापुढे दिवसभर राबून आलेली माणसे बसली आहेत. त्यांच्या हाती छापील पुस्तक नाही. चाल आधीच अंगवळणी पडलेली असेल, तर त्यांना फक्त शब्द धरायचे उरतात. दुसऱ्यांदा धृपद आले की सगळी वस्ती कोरसात सामील! १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले, तेव्हा हेच तंत्र कामी आले. तमाशाचा ढाचा तोच ठेवून त्यांनी गण-गवळणीच्या जागी समतेचा विचार मांडला. वामनदादा याच परंपरेतले.

मात्र उसन्या चालीवर शब्द ठोकून बसवणाऱ्यांतले ते नव्हेत. त्यांचे एक अतिशय गाजलेले गीत घ्या. त्यात बाबासाहेबांना उद्देशून म्हटले आहे की तुमच्या विचारांची निदान पाच माणसे जरी असती, तरी चित्र निराळे दिसले असते. या गाण्याची ओळ मोजून पाहिली तर 'गागालगालगागा' हा तुकडा दोनदा येतो. हे मराठी गझलेतले लाडके आनंदकंद वृत्त. इक्बालचा 'तराना-ए-हिंदी' शाळेत आपण सर्वांनी म्हटला आहे, त्याचीही लय हीच. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याच्या ओळीत लघू-गुरूचा हिशेब इतका चोख कसा? उत्तर एकच. वृत्त पुस्तकात जन्मत नाही, ते कानात जन्मते.

याच गाण्याचे मला अधिक अप्रूप वाटते ते त्यातल्या धैर्याचे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. पुढच्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि लवकरच त्याचे गट पडू लागले. वामनदादांनी या गीतात बोल लावला आहे तो शत्रूला नव्हे, आपल्याच माणसांना. नाव ओठांवर आहे, पण ते वागण्यात कुठे आहे, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. जयंतीच्या मांडवात, हार-तुऱ्यांच्या गर्दीत, ज्यांना फटकारले आहे तीच माणसे टाळ्या वाजवत हे गाणे म्हणतात! आपल्याच सभेत आपल्याच श्रोत्यांना आरसा दाखवायचा आणि तरीही लाडके राहायचे, ही किमया फार थोड्यांना साधते.

दुसऱ्या एका गाण्यात ते देशातल्या बड्या उद्योगपतींची आडनावे घेऊन विचारतात, आमचा हिस्सा कुठे आहे? गंमत अशी की त्या आडनावांचे यमक थेट 'वाटा' या शब्दाशी जुळते. अर्थशास्त्राचा एक अख्खा धडा त्यांनी एका यमकात बसवला. ऐकणारा आधी हसतो आणि मग त्याला ते हसू बोचते.

एवढेसे गाडगे

पण मला विचाराल, तर वामनदादांचे सर्वांत मोठे गाणे हे पाणी मागणारे गाणे आहे. प्रसंग इतका साधा की सांगायला दोन वाक्ये पुरेत. तहानलेला एक माणूस पाणवठ्याजवळ उभा आहे. स्वतः पाणी घ्यायची त्याला मनाई आहे, म्हणून तो तिथल्या बाईला 'माय' म्हणून विनवतो की, फार नको, एवढे इवलेसे गाडगे भरून दे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी हक्काने ओंजळीत घेतले. तो इतिहास आपण पुस्तकात वाचतो. वामनदादा त्या हक्काचे भाषण करत नाहीत. हक्क नाकारला की माणसाला किती लहान होऊन बोलावे लागते, ते ते ऐकवतात. मागणे जितके लहान, तितकी आपली मान खाली जाते. शिवाय गाडगे! पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना गळ्यात गाडगे बांधून फिरावे लागे, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. वामनदादांच्या मनात ते होते की नाही, कोण जाणे! मला मात्र हे गाणे ऐकताना ते गाडगे दिसतेच.

वामन म्हणे

वामनदादांनी हजारो गीते रचली. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथनही आले. तरी त्यांच्या गाण्यांचा खरा प्रवास झाला तो लोकांच्या हस्तलिखित वह्यांतून, जत्रेत मिळणाऱ्या पातळ पुस्तिकांतून आणि पुढे कॅसेटमधून. कॅसेटच्या वेष्टनावर बहुधा गायकाचे छायाचित्र मोठे असे. लिहिणाऱ्याचे नाव शोधावे लागे. तरी वामनदादा हरवले नाहीत. तुकोबा, जनाबाई, चोखोबा यांनी जी युक्ती केली, तीच त्यांनीही केली. अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफून ठेवले. गाणे कुठेही जावो, 'वामन' त्याच्या पोटातून जाणार!

म्हणूनच मिरवणुकीत ढणढणत्या ठेक्यावर गाण्याची पहिली दोन कडवी वाजवून पुढचे गाणे लावले जाते, तेव्हा जीव हळहळतो. कापले जाते ते नेमके शेवटचे कडवे, आणि त्याबरोबर कवीही. १५ मे २००४ रोजी वामनदादा नाशिकला गेले. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. त्यांचे स्मारक जमेल तेव्हा होवो, पण निदान गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवावे, एवढे तर आपल्या हातात आहे.

मध्यंतरी मी आईला सांगितले की तुझ्या लाडक्या गाण्याचे कवी वामनदादा कर्डक, त्या जयंतीच्या गाण्यांचेही तेच. तिला नवल वाटले. म्हणाली, "मग त्यांचे दुसरे एखादे म्हणून दाखव की!" मी मला जमेल तसे पाण्याचे गाणे म्हटले.

'माय' या शब्दापाशी तिचा हात थांबला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग सावकाश म्हणाली, "आमच्या आजोळी विहीर होती. आजी अशीच उंचावरून पाणी वाढायची. खाली गाडगे धरून कोण बसायचे, त्यांची नावेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हती."

थोड्या वेळाने तिनेच विचारले, "शेवटचे कडवे राहिले ना? तेही म्हण."