मॉरिशसचा वादळी उन्हाळा

आपण इकडे संक्रांतीचा तिळगूळ वाटत असतो, तेव्हा हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर भर उन्हाळा असतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे वीस अंशांवर हे बेट आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा. आपल्या विदर्भातल्या माणसाला तो उन्हाळा वाटायचाही नाही, कारण पारा तिशीच्या आसपासच घोटाळतो. भीती उन्हाची नाही. तापलेल्या समुद्राची आहे.

समुद्राचं पाणी सत्तावीस अंशांच्या आसपास तापलं, की त्यावरची दमट हवा वर चढू लागते. खाली दाब उतरतो, भोवतालची हवा तिकडे धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे गरगरू लागते. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या बाजूला आलेलं 'निसर्ग' वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत होतं. मॉरिशसचं वादळ दक्षिण गोलार्धातलं, म्हणून ते काट्यांच्या दिशेनं फिरतं.

या चाकाच्या मधोमध असतो वादळाचा डोळा. तिथं वारा जवळजवळ नसतोच. केंद्र नैर्ऋत्येकडे सरकत बेटावरून जाऊ लागलं, तर आधी आग्नेयेचा वारा घरं झोडपतो आणि मग एकाएकी शांत होतं. माणसाला वाटतं, सुटलो! तो पत्रे गोळा करायला, गाय पाहायला बाहेर पडतो. आणि खरा घात इथंच होतो. डोळा सरकला की तेवढाच जोराचा वारा वायव्येकडून, म्हणजे नेमका उलट बाजूनं येतो. आधी खिळखिळी झालेली भिंत आता आडवी होते. खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे: वारा हळूहळू उतरला तर वादळ दूर जात आहे, एकदम पडला तर डोळा डोक्यावर आहे. दार उघडू नये.

फेब्रुवारी १९६० च्या अखेरीस 'कॅरोल' वादळाचा डोळा असाच या बेटावरून गेला. झोतांचा वेग ताशी २५६ किलोमीटरपर्यंत पोचला होता. लाकडाची, पत्र्याची, गवताची घरं हजारोंनी गेली. उसाचं पीक झोपलं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशजही याच बेटावर राहतात. त्यानंतर मात्र सपाट छपराची काँक्रीटची घरं गावोगाव उभी राहिली.

तिथल्या हवामान खात्याचे इशारे चार पायऱ्यांचे. ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याच्या ३६ ते ४८ तास आधी पहिला. दुसरा अशा बेतानं, की शक्यतो उजेडाचे बारा तास हाती राहावेत. तिसऱ्यात उजेडाचे सहा. नुसते तास नव्हेत, उजेडाचे बरं का! खिडकीवर फळ्या ठोकायच्या, पाणी भरायचं, म्हाताऱ्या माणसांना हलवायचं, हे काळोखात कसं व्हावं? चौथा इशारा येतो तेव्हा तसे झोत सुरू झालेले असतात.

काँक्रीटनं वारा अडला, पाणी नाही. ३० मार्च २०१३ रोजी वादळ नसतानाही राजधानी पोर्ट लुईमध्ये पावसाचा लोंढा आला आणि अकरा माणसं गेली. त्यांतली काही रस्त्याखालच्या भुयारी वाटेत अडकली होती. १५ जानेवारी २०२४ रोजी 'बेलाल' वादळाच्या वेळी त्याच शहरात मोटारी पाण्याबरोबर वाहिल्या. उताराच्या शहरात पाणी यायला तास लागत नाहीत, मिनिटं पुरतात. म्हणून तिथं मोटार सोडून उंचावर जाणं बरं.