पाहणं आणि उतरणं : वाईच्या कृष्णाकाठी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका नेहमीच्या श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञान सोडून सहलीवर बोलणार का?’ तर थोडं सहलीवरच बोलणार आहोत. पावसाळा संपला की आपल्या नवी मुंबईतून शनिवारी पहाटे गाड्या निघतात. पुणं ओलांडायचं, खंबाटकी चढून उतरायचं, सुरूर फाट्याला वळायचं की वाई. तिथून मेणवली, धोम, जमलं तर वर महाबळेश्वर. रविवारी रात्री परत. ह्या यादीला आपण ‘प्रेक्षणीय स्थळं’ म्हणतो. आमचा प्रश्न ह्या शब्दापासूनच सुरू होतो.

प्रेक्षणीय म्हणजे पाहण्याजोगं. पाहणारा इकडे, वस्तू तिकडे, मध्ये अंतर. चित्राला हे ठीक आहे. पण कृष्णाकाठच्या बहुतेक जागा पाहण्यासाठी बांधलेल्याच नाहीत. त्या पाण्यात उतरण्यासाठी बांधल्या आहेत. आता हे जरा तपासून बघू.

वाईचा ढोल्या गणपती घ्या. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 च्या सुमारास बांधलं. आपण आत जातो, एवढी मोठी एकाच दगडातली मूर्ती बघतो, हात जोडतो, बाहेर येतो. मागे सहसा कुणी जात नाही. जा कधीतरी. देवळाची मागची भिंत सरळ नाही, ती माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे. का? देऊळ अगदी नदीच्या अंगावर आहे. पुराचं पाणी आपटलं तर त्या भिंतीवर दुभंगून दोन बाजूंनी निघून जावं म्हणून. ज्यानं ती भिंत आखली त्याला कृष्णा आषाढ-श्रावणात काय करते हे ठाऊक होतं. नदी नीट समजल्याशिवाय ती भिंत समजत नाही.

धोमला तेच. महादेवाच्या देवळापुढे नंदी आहे, आणि तो दगडी कासवाच्या पाठीवर बसवलाय. कासव एका कुंडात आहे. कुंड कोरडं असताना ते नुसतं शिल्प वाटतं. पाणी भरलं की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं दिसतं. म्हणजे कलाकृतीचा अर्धा भाग दगड, अर्धा भाग पाणी. पाणी काढून घेतलं तर आपण अर्धीच वस्तू पाहून येतो.

आता ‘घाट’ हा शब्द बघा. मराठीत तो डोंगरातल्या वाटेला आहे आणि नदीवरच्या पायऱ्यांनाही. दोन्हीकडे काम एकच : जिथं पाऊल ठरत नाही तिथं पाऊल ठरेल अशी सोय करणं. पायऱ्या इतक्या का असतात? पाणी वर्षभर एका पातळीवर नसतं म्हणून. चैत्रात खालची पायरी, श्रावणात वरची. पाणी कुठंही असो, माणसाला पोचता आलं पाहिजे.

आणि तिसरा शब्द, ‘तीर्थ’. आपण त्याचा अर्थ लगेच ‘पवित्र जागा’ असा करतो. पण मुळात ‘तृ’ म्हणजे तरून जाणं. तीर्थ म्हणजे पाण्यात उतरण्याची, पलीकडे जाण्याची जागा. आपला नदीचा ‘उतार’, ‘उतरणं’, ‘तारणं’, सगळे त्याच कुळातले. ज्ञानालाही हाच शब्द लागला : एकाच गुरूकडे शिकलेले ते ‘सतीर्थ’. वाईत तर हे दोन्ही अर्थ एकत्र राहिले. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. 1917 मध्ये विनोबा इथं शिकायला येऊन राहिले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच, आणि मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी ह्याच गावातून चालवलं. ‘तर्कतीर्थ’ ही पदवी. तर्काच्या खोल पाण्यात जो उतरला तो.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण उतरण्याची जागा म्हटलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही : उतरू कोणाला दिलं?

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री तिथं उगम पावतात असं मानतात. कृष्णा पूर्वेला उतरून वाईला येते. सावित्री पश्चिमेला उतरून महाडला जाते. त्या महाडात 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. कायदेमंडळाचा ठराव 1923 चा होता, तरी उतरता येत नव्हतं. मग हल्ले झाले, खटला झाला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. पाण्याजवळ जाण्यासाठी दहा वर्षं! आणि इकडे वाईचे तर्कतीर्थ, त्याच दशकात, येरवड्याच्या तुरुंगातल्या गांधीजींना अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार काढून देत होते. एकाच डोंगराच्या दोन उतारांवरची ही हकिगत आहे. म्हणून आम्ही सुचवतो की वाई आणि महाड एकाच सहलीत बघा. एक घाट बघितला की घाटाचं सौंदर्य कळतं, दुसऱ्या ठिकाणी त्याची किंमत कळते.

आता आजचं बघू. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, खाली सुंदर घाट आहे. शेजारी मोठी घंटा आहे, वसईच्या 1739 च्या विजयानंतर आणलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि ती नदीकाठच्या शिवमंदिरापाशी टांगलेली आहे. पण येणारे बरेच जण विचारतात, ‘स्वदेसचं शूटिंग कुठं झालं?’ आम्हाला त्यात राग नाही. त्या चित्रपटात गाव पाण्यावर वीज करतं, म्हणजे पाण्याशी नातं जोडतं. गंमत एवढीच की आपण त्या नात्याचा फक्त फोटो घेऊन परततो.

वर धोमला धरण झालं, घरोघर नळ आले. ते यायलाच हवे होते. डोक्यावरून हंडा वाहणाऱ्या बाईला घाटाच्या सौंदर्याचं कौतुक सांगू नये. पण वापर थांबला की घाट नुसता देखावा उरतो, आणि देखाव्याच्या पाण्यात कचरा टाकायला कोणाचा हात अडत नाही. वाईत अजून कृष्णाबाईचा उत्सव होतो, एकेका घाटाचा पाळीनं. जोवर ‘हा आमचा घाट’ म्हणणारी माणसं आहेत, तोवर पायऱ्या झाडल्या जातात. नुसता दगड जपून भागत नाही. दगडाचं कोणीतरी लागतं.

आणि आपण? आपल्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं. ते धरण धावरी नदीवर आहे. ह्या सभागृहात किती जणांनी धावरीचं नाव ऐकलंय, हात वर करा बरं... तीन. म्हणजे आपला नळ हाच आपला घाट, आणि आपण त्याच्या नदीला ओळखत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वाईला गेलात तर एवढं करा. गाडीची किल्ली खिशात टाका, सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसा, आणि बरोबरच्या मुलांना तीन प्रश्न विचारा : हे पाणी कुठून येतं? इथं पूर्वी कोण उतरू शकत होतं? आज कोण उतरतं? उत्तरं आली नाहीत तर घरी येऊन शोधा. मग एखाद्या रविवारी खालापूरच्या बाजूला जा, आणि धावरीसाठी हेच प्रश्न विचारा.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.