सोबतीची वाट (लेखांक ७) : ‘आजीबाईं’ना लिहिलेली पत्रे

गेल्या आठवड्यात आपण हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यापाशी थांबलो होतो. त्या दाखल्यात मेंढरू बोलत नाही. मेंढपाळ येतो, त्याला खांद्यावर घेतो आणि घरी आणतो. माणसाचे तसे नसते. मंडळीपासून दुरावलेला माणूस पुष्कळदा एखादा प्रश्न उराशी घेऊन दूर गेलेला असतो. त्याला भेटायला जाणाऱ्याची खरी कसोटी तो प्रश्न ऐकून घेताना लागते. हे समजून घ्यायला आपल्याच पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराइतकी चांगली शाळा मला दुसरी माहीत नाही.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठात राहिल्या. आईवडील दुष्काळात गेलेले, पती बिपिनबिहारी आदल्याच वर्षी वारलेले, कडेवर लहानगी मनोरमा. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेजमध्येच अकाली मृत्यू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. त्या एका हाकेत किती माया आहे, हे मराठी माणसाला सांगायला नको.

मग प्रश्न सुरू झाले. त्रैक्य म्हणजे नेमके काय? ख्रिस्ताचे ईश्वरत्व कसे समजायचे? अथानेशियसच्या नावाने चालत आलेल्या विश्वासांगीकारातले प्रत्येक वाक्य मानलेच पाहिजे का? वादाचे विषय नेहमीच इतके मोठे नसत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरायची होती, तेव्हा संस्कृत का नको, असे रमाबाईंनी विचारले. अंडे घातलेले पुडिंग त्या खात नसत, त्यावरूनही पत्रापत्री झाली. जेराल्डिनबाईंना या साऱ्यात गर्व दिसला, जुन्या जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी स्वच्छ कळवले की आपल्या देशातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे जोखड घ्यायची तयारी नाही.

जेराल्डिनबाई वाईट होत्या असे कुणी समजू नये. मनोरमेवर त्यांनी जीव लावला. ही सारी पत्रे, स्वतःवर टीका असलेलीसुद्धा, त्यांनीच जपली आणि टिपणे लावून एकत्र केली. १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली ती मुंबईत छापून आली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. पण त्यांच्या मायेत एक भीती मिसळलेली होती. मुलगी हातची जाते आहे, या भीतीने त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देण्याआधी विचारणारीच्या स्वभावाचा निवाडा करत. शंका काढली की नम्रता कमी पडली, असा त्यांचा हिशेब होता. मला वाटते, आपल्याकडच्या कितीतरी भल्या, प्रार्थनाशील माणसांचा हिशेब आजही हाच आहे, आणि घरची तरुण मुले त्यामुळेच गप्प होतात.

रमाबाई पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील यांनाही त्यांनी हेच प्रश्न विचारले. बीलबाईंची ख्रिस्तावर श्रद्धा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. पण त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात काही वर्षांपूर्वीच शंकेचा मोठा अंधार येऊन गेला होता. रमाबाई हे शास्त्रार्थात वाढलेले मन आहे, केवळ घडलेला इतिहास म्हणून त्या ख्रिस्ती धर्म मानणार नाहीत, तो त्यांच्या बुद्धीला आणि विवेकाला पटावा लागेल, हे त्यांनी ओळखले. वाँटेजच्या मंडळींनाही त्यांनी तसे समजावून पाहिले. रमाबाईंशी त्या बरोबरीच्या नात्याने चर्चा करत. पटले नाही ते तसेच राहू देत आणि पुढच्या पत्रात तिथूनच धागा उचलत.

रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो भेटायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. आठ वर्षे! हा आकडा भेटी देणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावा. आपण तर दोन रविवार वाट पाहतो आणि तिसऱ्या रविवारी तक्रार घेऊन दारात उभे राहतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. आमच्या भागात एक पाळक होते. मंडळीतल्या एका शिक्षकाने ख्रिस्ती नसलेल्या मुलीशी लग्न केले. पुढे त्याचे वडील वारले, तेव्हा कारभाऱ्यांनी प्रेतविधीच्या आधी लग्नाचा विषय काढला. मातीला उशीर झाला. त्या दिवसापासून शिक्षकाने उपासनेला येणे सोडले. पुष्कळ वर्षांनी हे पाळक त्या गावी बदलून आले. ते शिक्षकाच्या घरी गेले ते वर्गणीचे पुस्तक न घेता, आणि बायबलही पिशवीतच ठेवून. चहा झाला. “तुमच्या वडिलांच्या मातीच्या दिवशी काय काय झालं, मला सांगाल का?” एवढेच त्यांनी विचारले. शिक्षक तासभर बोलले. मधे पाळकांनी कुणाची बाजू घेतली नाही, वचन काढले नाही. शेवटी म्हणाले, “सर, त्या दिवशी मंडळीचं चुकलं. मंडळीच्या वतीनं मी माफी मागतो.” बाई आतून आल्या आणि भाकरी खाऊन जा म्हणाल्या. ते जेवून गेले.

या भेटीतली मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: निघताना त्यांनी “मग रविवारी या” असे म्हटले नाही. ते वाक्य उच्चारले असते तर आधीचा तासभर त्या आमंत्रणाची तयारी ठरला असता आणि माफीचाही सौदा झाला असता. दुरावलेल्या माणसाला हा वास लगेच येतो. आपण त्याच्यासाठी आलो आहोत की बाकावरच्या रिकाम्या जागेसाठी, हे त्याला आपल्या पहिल्या दोन वाक्यांत कळते.

शिक्षक अजून उपासनेला येत नाहीत. मात्र धाकट्या मुलीच्या दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी पेढे देऊन तिला पाळकांकडे पाठवले, आणि दर नाताळला पाळक त्यांच्याकडे जेवायला असतात. भेटीला जाऊ इच्छिणाऱ्यांनी एवढीच मुभा स्वतःला द्यावी: जावे, विचारावे, ऐकावे, आपली श्रद्धा कुणी विचारली तर सरळ सांगावी आणि उठून यावे. पुन्हा जायचे ते निमित्त न शोधता.

पुढील लेखांकात एम्मावसच्या वाटेवरचे दोघे शिष्य, आणि त्यांना आधी बोलू देणारा तो अनोळखी सोबती.