'अज्ञाताने फूस लावून पळवून नेले': बेपत्ता मुलांचे आकडे वाचताना

पेपरच्या आतल्या पानावरची ही चार ओळींची बातमी तुम्ही कधी ना कधी वाचली असेलच. अमुक गावातल्या सोळा वर्षांच्या मुलीला अज्ञात व्यक्तीने कसलं तरी आमिष दाखवून, फूस लावून पळवून नेलं. वडिलांच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल. आता जरा थांबून विचार करा. नेणारी व्यक्ती अज्ञात आहे, तिला कुणी पाहिलेलं नाही, मुलगी अजून सापडलेली नाही. मग आमिष दाखवलं, फूस लावली, हे कळलं कुणाला?

कुणालाच कळलेलं नसतं. ते वाक्य कायद्याचं आहे. १८६० च्या भारतीय दंड विधानातल्या कलम ३६१ मध्ये अल्पवयीन मुलाला पालकांच्या ताब्यातून नेण्याच्या गुन्ह्याची व्याख्या आहे, आणि त्यात दोन क्रिया येतात: 'घेऊन जाणे' किंवा 'फूस लावणे'. शिक्षेचं कलम ३६३. ते लावायचं तर फिर्यादीत या दोनपैकी काहीतरी असावं लागतं, म्हणून ते लिहिलं जातं. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत १३७(२) झालं आहे, वाक्य मात्र तेच राहिलं.

बेपत्ता मुलांच्या आकडेवारीवर काम करायचं असेल, तर माझ्या मते या वाक्यापासून सुरुवात करावी. कारण आपण जो आकडा वाचतो तो मुलांचं काय झालं याचा नसतो, ठाण्यात काय लिहिलं गेलं याचा असतो. आणि ठाण्यात काय लिहायचं हे गेल्या वीस वर्षांत एकदा पार उलटं झालेलं आहे.

पूर्वी उलट परिस्थिती होती. मूल हरवल्याची तक्रार घेऊन गेलं की 'मिसिंग' रजिस्टरला नोंद व्हायची (तीही झाली तर), आणि उत्तर ठरलेलं: पळून गेलं असेल, येईल परत. गरीब वस्तीतल्या पालकांना हे उत्तर जास्त ऐकावं लागायचं. डिसेंबर २००६ मध्ये नोएडाजवळच्या निठारी गावात एका बंगल्यामागच्या नाल्यात मुलांचे सांगाडे सापडले, तेव्हा या उत्तराची किंमत देशाला दिसली. त्या मुलांचे आई-वडील कितीतरी महिने पोलिसांकडे खेटे घालत होते. 'पळून गेलेली मुलं' हा शिक्का बसला की शोध थांबतो.

यानंतर बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी आदेश दिला. १८ वर्षांखालचं मूल बेपत्ता असल्याची कोणतीही तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा, आणि वेगळं काही सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असंच गृहीत धरायचं. आदेश आवश्यक होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपण आकडे वाचणारी माणसं आहोत, तर त्या आदेशाने तक्त्यांचं काय केलं तेही बघायला हवं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल काढतो. त्यात मुलांच्या अपहरणाचे गुन्हे २०१२ मध्ये १८,२६६ होते. २०१६ मध्ये ५४,७२३. चार वर्षांत तिप्पट! यावर 'देशात अपहरणकर्त्यांच्या टोळ्या' छापाचे लेख आले, आणि व्हॉट्सॲपवर पोरं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरतात तेव्हा असे आकडे आजही जोडीला येतात. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे अशाच अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अपहरणं तिप्पट झाल्याचा पुरावा त्या तक्त्यात नव्हता. जी तक्रार आधी मिसिंगच्या रजिस्टरमध्ये बसायची ती आता ३६३ खाली बसू लागली, हा वाढीचा मोठा भाग. एनसीआरबीच्या नंतरच्या तक्त्यांत ३६३ च्या खाली एक उपशीर्षक दिसतं: 'अपहरण झाल्याचे मानलेली बेपत्ता मुले'. यातला 'मानलेली' हा शब्द बातमीपर्यंत पोहोचतच नाही.

तुमच्यातला कुणी म्हणेल, मग सोपं आहे, २०१३ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे घेऊ आणि आदेशाचा परिणाम मोजू. मलाही तसंच वाटलं होतं. पण १४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो कायदा लागू झाला आणि त्याच सुमारास संमतीचं वय १६ वरून १८ वर गेलं. म्हणजे सहा महिन्यांच्या आत दोन मोठे बदल. सतरा वर्षांची मुलगी आपल्या आवडीच्या मुलाबरोबर निघून गेली, तर त्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षी तिच्या फाइलमध्ये वेगवेगळी कलमं लागणार. वार्षिक आकड्यांवरून कोणता परिणाम कोणत्या बदलाचा हे वेगळं काढता येत नाही.

आता दुसरं रजिस्टर बघा, रेल्वेचं. रेल्वे संरक्षण दल स्टेशनांवर आणि गाड्यांमध्ये एकटी सापडलेली मुलं ताब्यात घेऊन बालकल्याण समितीकडे सोपवतं; या मोहिमेचं नाव 'नन्हे फरिश्ते'. २०१८ मध्ये अशी १७,११२ मुलं मिळाली. त्यांपैकी १३,१८७ घरातून पळून आलेली, २,१०५ हरवलेली, १,०९१ मागे राहून गेलेली, आणि अपहरण झालेली ८७. म्हणजे ७७ टक्के पळून आलेली आणि अपहरण अर्धा टक्का. त्याच देशात, त्याच वर्षी पोलिसांच्या तक्त्यात मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा सर्वांत मोठा गठ्ठा अपहरणाचा होता. (२०२२ मध्येही मुलांविरुद्धच्या १,६२,४४९ गुन्ह्यांपैकी ४५.७ टक्के अपहरणाचेच.)

यातलं खरं कोणतं, हा प्रश्न इथे लागू होत नाही, कारण दोन्ही नोंदी वेगवेगळ्या टोकाला होतात. पोलिसांची नोंद घराकडून, मूल गेल्यावर, पालक बोलतात तेव्हा. रेल्वेची नोंद मुलाकडून, ते सापडल्यावर, ते स्वतः काय सांगतं त्यावरून. एकाच मुलाची कहाणी सुटलेल्या गावात 'फूस लावून पळवून नेले' आणि कल्याण स्टेशनवर 'घरातून पळून आला' अशी असू शकते. शिवाय स्टेशनवर सापडणाऱ्या कित्येक मुलांची घरी तक्रारच झालेली नसते. बापाच्या मारातून निघालेल्या मुलाबद्दल तो बाप ठाण्यात जाईलच असं नाही. मुलीच्या बाबतीत चार दिवस नातेवाइकांकडे गुपचूप शोध चालतो, कारण गावात बभ्रा नको.

अमेरिकेत १९९९ सालासाठी यावर एक मोठा अभ्यास झाला होता, निस्मार्ट नावाचा. त्यांनी पोलिसांच्या नोंदींसोबत घराघरांत सर्वेक्षणही केलं. अंदाज असा निघाला की वर्षभरात सुमारे १६,८२,९०० मुलं घरातून पळाली किंवा घरच्यांनी बाहेर काढली, पण त्यांपैकी जेमतेम २१ टक्क्यांची बेपत्ता म्हणून कुठे नोंद झाली. आणि ज्याला सिनेमात दाखवतात तसं अनोळखी माणसाने केलेलं गंभीर अपहरण, ते ११५. मला त्यातली 'घराबाहेर काढलेली मुलं' ही वर्गवारी फार महत्त्वाची वाटते. 'पळून गेला' म्हटलं की क्रियापद मुलाकडे जातं. घरच्यांनी 'चालता हो' म्हटलेलं असतं ते कुठल्याच रकान्यात येत नाही. आपल्या एनसीआरबीच्या बेपत्ता मुलांच्या तक्त्यात तर कारणाचा रकानाच नाहीये.

आता माझी एक चूक सांगते. २०२२ मध्ये देशात ८३,३५० मुलं बेपत्ता झाल्याची नोंद झाली: २०,३८० मुलगे, ६२,९४६ मुली, २४ तृतीयपंथी. सापडलेली मुलं ८०,५६१. मी चॅप्टरच्या पहिल्या मसुद्यात भागाकार करून लिहून टाकलं, ९६.७ टक्के मुलं सापडतात. गाईडनी पेन्सिलने बाजूला एवढंच लिहिलं: 'कोणत्या वर्षी हरवलेली?'

सापडलेल्यांची फोड बघितली असती तर मलाच कळलं असतं. तिथे तृतीयपंथी मुलांचा आकडा २६ आहे. हरवली २४ आणि सापडली २६, हे कसं? अर्थात, वरच्या आकड्यात त्याच वर्षी हरवलेली मुलं आहेत आणि खालच्या आकड्यात आधीच्या वर्षांत हरवून आता सापडलेलीही आहेत. जुनी-नवी मिळून वर्षअखेर न सापडलेली मुलं ४७ हजारांहून अधिक होती. म्हणजे त्या वर्षी शोधायची एकूण मुलं सुमारे १ लाख २८ हजार, आणि सापडली ८०,५६१: ६३ टक्के. मुलं तीच, तक्ता तोच, पण ९६.७ म्हणायचं की ६३ हे छेदात काय ठेवलं त्यावर ठरतं. पत्रकार परिषदेत पहिला आकडा येतो, याचिकेत दुसरा. तुम्ही कोणताही वापरा, पण छेद सांगा.

वर्षांची तुलनाही जपून करायला हवी. २०२० मध्ये नोंद ५९,२६२, २०२१ मध्ये ७७,५३५. एका वर्षात ३० टक्के वाढ दिसते, पण २०२० हे लॉकडाऊनचं वर्ष. गाड्या बंद, रस्ते बंद. मुलं कमी गेली, की गेलेल्यांची तक्रार करायला पालक कमी आले? दोन्ही शक्य आहे. २०२० ला पाया धरून काढलेली टक्केवारी वापरूच नये असं मला वाटतं.

मग येतो मुलींचा प्रश्न. २०२२ च्या नोंदीत मुली ७५.५ टक्के. याचं एक कारण उघड आहे: मुलगी गेली की घर घाबरतं, मुलगा गेला की 'कामधंदा शोधायला गेला असेल'. अपहरणाच्या तक्त्यात आणखी एक कारण मिसळतं, तेही कायद्याच्या मजकुरातच. कलम ३६१ मध्ये मुलग्यांसाठी वयाची मर्यादा १६ होती आणि मुलींसाठी १८. सतरा वर्षांचा मुलगा त्या व्याख्येत बसतच नव्हता, त्याच वयाची त्याची बहीण बसत होती. न्याय संहितेत आता दोघांनाही १८. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत मुलग्यांच्या अपहरणात वाढ दिसली, तर लेख लिहायला बसण्यापूर्वी हे कलम आठवा.

सापडल्यावर त्या मुलींचं काय होतं, हे वेगळ्या अभ्यासांतून थोडंफार दिसतं. पत्रकार रुक्मिणी एस. यांनी दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांतले २०१३ चे बलात्काराच्या खटल्यांचे निकाल वाचून काढले. पूर्ण चाललेल्या ४६० खटल्यांपैकी १८९ संमतीच्या संबंधांचे होते. बहुतेक वेळा जोडपं पळून गेलेलं आणि मुलीच्या घरच्यांनी तक्रार केलेली. एन्फोल्ड संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० या काळातले पोक्सोचे ७,०६४ निकाल तपासले, त्यात २४.३ टक्के प्रेमसंबंधांची प्रकरणं निघाली. सर्वोच्च न्यायालयाने तर १९६४ मध्येच वरदराजन खटल्यात म्हटलं होतं, की अल्पवयीन मुलीला घेऊन जाणं आणि स्वतःहून निघालेल्या मुलीला बरोबर येऊ देणं यात फरक आहे. साठ वर्षांनंतरही फिर्यादीच्या पहिल्या पानावर तो फरक दिसत नाही. तो दिसला तर निकालात दिसतो, तोवर मुलगी काही महिने बालगृहात आणि मुलगा काही महिने तुरुंगात काढून आलेला असतो.

पण म्हणून 'ही सगळी पळून गेल्याची प्रकरणं' असं म्हणायला मी तयार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. एक तर प्रेम हे त्या निघून जाण्याचं एकच कारण नसतं. घरात ठरलेलं लग्न, मारहाण, शाळा सुटणं, यातलं काहीतरी मागे असतं आणि बरोबरचा मुलगा हा कधी कधी फक्त बाहेर पडायचा रस्ता असतो. दुसरं, स्वखुशीने निघालेलं मूल दोन दिवसांनी तस्कराच्या हाती लागू शकतं. निघताना पळालेलं आणि पोहोचताना विकलेलं, अशा मुलीला तुम्ही कोणत्या रकान्यात टाकाल? आणि एनसीआरबीच्या प्रमुख गुन्ह्याच्या नियमाप्रमाणे एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. अपहरण करून खून झाला तर ती नोंद खुनात जाते. म्हणजे अपहरणाच्या रकान्यातून सर्वांत भीषण प्रकरणं आधीच बाहेर पडलेली असतात, आणि 'मानलेली' आत राहतात.

प्रत्यक्ष कामाला लागणार असाल तर एक व्यावहारिक अडचण लक्षात ठेवा. एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, पण लैंगिक गुन्हे आणि पोक्सोचे एफआयआर त्यातून वगळलेले आहेत. तुम्ही वेबसाइटवरून ३६३ चे एफआयआर उतरवून नमुना केलात, तर पहिल्याच दिवशी पोक्सो लागलेली प्रकरणं तुमच्याकडे येणारच नाहीत. आणि जे एफआयआर उघडे आहेत, त्यांत कधी कधी मुलीचं नाव, वडिलांचं नाव, गाव सगळं असतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने ती ओळख उघड करायला बंदी आहे. वेबसाइटवर दिसतंय म्हणून आपल्याला मोकळीक मिळत नाही. मारहाणीतून निघून गेलेल्या मुलीचा पत्ता तुमच्या परिशिष्टातून कुणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही.

माझ्या शीटमध्ये नाव आणि गाव हे रकाने मी ठेवलेलेच नाहीत. तालुका, महिना, वय, फिर्याद कुणी दिली, गेल्यापासून किती दिवसांनी दिली, सापडल्यावर मुलाला कुठे पाठवलं, एवढंच. आणि कारणासाठी एक नाही, दोन रकाने आहेत: घरच्यांनी सांगितलेलं आणि मुलाने सांगितलेलं. दुसरा रकाना अजून बराचसा रिकामा आहे.